वाशिमच्या साहेबानं घेतलेली परीक्षा

प्रिय कौसल्या,

जयभीम. तुले नावानं मी कधी हाक मारली नाई. ‘शोभाची माय’ म्हनलं का तू वळून पाहे. आज पहिल्यांदा नाव लिहून राह्यलो, राग मानू नको. दुपारच्या मोटारीनं शोभाले घेऊन वाशिमहून आलो. तवापासून ओसरीत बाया जमल्या आहेत, पाय ठेवायले जागा नाई. आन जे माह्या मनात आहे ते बोलायले एक मानूस नाई! म्हून गोठ्याच्या भिताडाले टेकून, उजेड आहे तंवर, तुलेच लिहितो.

सोमवारी शोभाची सातवीची परीक्षा आहे. केंद्र रिसोडले. पेपर बाहेरून येनार, तपासायलेही बाहेर जानार. सहावीवरी बरं होतं. आपले गुरुजी तिले शाळेच्या ओट्यावर बसवून तोंडी इचारत आन पास करत. ‘हिचं डोकं साफ आहे, अक्षरंच हिच्याशी भांडतात,’ असं म्हनत. आता त्यायच्या हातात काई राह्यलं नाई.

पोरीचं अजून तसंच आहे व. ‘कमळ’ लिव्हायले सांगतलं का ‘मकळ’ लिहिते. मंग पुसते, पुन्हा लिहिते, पुन्हा तेच. शेवटी तिलेच रडू येते. लोक म्हनतात आळशी आहे. आळशी पोरगी पहाटे उठून दोन कोसावरून पानी आनते काय?

तू तिले कसी शिकवत होती? मी दुरून पाहे. कापूस वेचायले तुमी दोघी जोडीनं जात. पऱ्हाटीच्या एका तासाले, म्हनजे एका ओळीले, एक धडा. तू बोंडातला कापूस काढता काढता सांगे, ती वेचता वेचता मागून म्हने. तास संपला का धडा पाठ! आन वेचनी अर्धी राह्यली असतानाच काविळीनं तू गेली. एवढी घाई होती काय? निदान मले तरी सांगून ठेवायचं, हे कसं करतात म्हून!

मी करून पाह्यलं, खोटं नाई सांगत. पन मी पडलो रात्रशाळेत शिकलेला, माहं वाचन म्हनजे चढावरची बैलगाडी. मी अर्ध्या वाक्यात अडकलो का ही पुढचं सांगून मोकळी. ‘बाबा, हा धडा मायनं सांगतला. तुमी थकू नका.’

रिसोडच्या हेडमास्तरकडं गेलो. हात जोडले. म्हनलं, पोरगी तोंडानं सांगन, कोनी लिहून घ्या. ते म्हनले, ‘लेखनिक आंधळ्या मुलांना मिळतो, नाहीतर हात मोडला असेल तर. हिला काय झालंय?’ काय झालंय हे मले सांगता आलं नाई. ह्या दुखन्याचं नाव कोनाले माहीत आहे?

डोळ्याच्या डाक्टरकडं नेलं. वाटलं, चष्मा लागन, मंग अक्षरं सरळ होतीन. त्यानं तपासलं आन हसला. ‘तुमच्या मुलीला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं!’ कौसल्या, पोरीचे डोळे चांगले निघाले म्हून वाईट वाटनारा बाप तू कधी पाह्यला काय? मी त्या दिवशी झालो.

बाजारात रहीमभाई भेटला, आपला बांगड्यावाला. त्याले सारं सांगतलं. तो म्हने, ‘अरे भाऊ, फिकर कायले करतं? हाताले फडकं बांध, पडली म्हून सांग. झालं काम!’ माह्या मनात भरलं होतं ते. पन शोभाच म्हनाली, ‘बाबा, मोडलेला हात बरा होते. दसऱ्यापर्यंत बरा झाला म्हनतीन, मंग पुढच्या वर्षी काय सांगू?’ एवढं कळते पोरीले, आन म्हने हिले लिहिता येत नाई म्हून अक्कल नाई!

मंग गुरुजी म्हनले, वाशिमच्या शिक्षन खात्याच्या साहेबाले भेटा. म्हून आज रस्त्याच्या कामावर खाडा केला आन गेलो. मुकादम बोंबलला, बोंबलू दे.

साहेब मानूस चांगला होता. हेच तर मोठं दुखनं आहे. वाईट असता तर शिव्या देऊन तरी आलो असतो. त्यानं शोभाले पुढं बोलावलं, इचारलं, ‘बाळ, पैनगंगा कुठून निघते आणि कुठे जाते?’ पोरगी खांबावानी उभी. बाजूचा कारकून दुसऱ्याकडं पाहून हसला.

तवा ती हळूच म्हनाली, ‘साहेब, चालू काय?’

अवं, ती त्या हाफिसात चालायले लागली! टेबलापासून दारापर्यंत, कपाटाच्या बाजूनं. दोन्ही हातानं हवेतला कापूस वेचून राह्यली, ओटीत टाकून राह्यली, आन तोंडानं चालू: ‘अजिंठ्याच्या डोंगरात निघते, वर्धेले भेटते, वर्धा वैनगंगेले भेटते, तथून नाव प्राणहिता, ते गोदावरीत जाते.’ साहेबानं पिकं इचारली, सांगतली. वाफ कसी होते, सांगतली. तोंडी हिशेब घातला, दारापर्यंत पोचायच्या आत उत्तर! कारकून हसायचे थांबले. माहे डोळे भरून आले. मले वाटलं तू तिच्या मागंच चालून राह्यली.

साहेबानं टाळी वाजवली. ‘शाब्बास! जा, बाहेर पाणी पी.’ ती उड्या मारत गेली.

मंग मले म्हने, ‘एवढी हुशार मुलगी आहे, तिला सवलत कशाला? थोडं दटावून बसवा, लिहील. मंद असती तर गोष्ट वेगळी.’ मी म्हनलं, साहेब, नाई होत तिच्यानं. म्हने, ‘माझ्या हातात नाही. नियमात असं काही बसत नाही.’

आता तूच सांग! बोलली नसती तर मंद, बोलली तर कामचोर. माह्या लेकरानं करावं तरी काय? मी खूप भांडायचं ठरवून गेलतो. ‘बरं साहेब’ म्हनलं आन टोपी घेऊन निघालो.

बाहेर आलो तं शोभा माह्या गळ्यात पडली. ‘बाबा, सगळं आलं मले! पास झाली ना मी?’

तिले वाटलं, हेच परीक्षा होती. तिचं काय चुकलं? सहा वर्षं तिची परीक्षा अशीच झाली, मानसापुढं, तोंडानं. मोठ्या वर्गाची परीक्षा म्हून मोठ्या साहेबानं घेतली, एवढंच तिच्या डोक्यात. मी मोटारीत सांगनार होतो. पन रिसोड येईपर्यंत ती खिडकीतून गात होती, आन मले तोंड उघडता आलं नाई. वस्तीत उतरताच तिनं दारोदार सांगतलं. म्हून ह्या बाया. कोनी साखर आनली, कोनी नारळ. तुही आठवन काढून रडल्याही.

आन आताच पाहून आलो. आपल्या वस्तीत पास झालेलं लेकरू आपली पुस्तकं खालच्या वर्गातल्या लेकराले देते ना, तसी शोभानं आपली सातवीची सारी पुस्तकं शेजारच्या निर्मलाले देऊन टाकली. हळदीकुंकवाच्या वाणावानी, दोन्ही हातानं. निर्मलाची माय कौतुकानं पदरात बांधून घेऊन गेली.

उद्या ते पुस्तकं मले परत मागायची आहेत. कोन्या तोंडानं मागू?

पन वचन देतो. सकाळी तिले मीच सांगीन, दुसऱ्या कोनाच्या तोंडून ऐकू देनार नाई. सोमवारी तिच्यासंगं केंद्रावर जाईन, ती बाहेर येईपर्यंत फाटकाशी उभा राहीन. निकाल काईही येवो, तिले शाळेतून काढनार नाई आन मजुरीले धाडनार नाई. आन तिनं इचारलंच, ‘बाबा, मंग साहेबापुढं मले सगळं आलं, ते काय होतं?’ तं मान खाली घालनार नाई. सांगीन, बेटा, ते परीक्षाच होती. तू पास झाली. आमी तुले नापास केलं.

तुहा,
शोभाचा बाप