तीन नंबरच्या बराकीतला मुका नावाडी

प्रिय टिटवी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, कुणीतरी शाळकरी पोराने पत्र धाडलंय. माझंच आहे ते. उजव्या हाताची दोन बोटं प्लॅस्टरमध्ये आहेत, म्हणून डाव्या हाताने गिरवते आहे. एका पानाला अख्खी सकाळ जाते. मधल्या वर्षांत तुझी तीन पत्रं आली आणि तिन्ही मी न उघडता परत पाठवली. त्याचं कारण शेवटी लिहीन. आधी एका पुस्तकाची गोष्ट सांगते, कारण सरळ मुद्द्यावर यायची हिंमत अजून होत नाही. वीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या चुका दुरुस्त केल्या, पण स्वतःचं एक वाक्य लिहायला घेतलं की घाम फुटतो.

इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात माझा पुढचा दात गेला. सकाळी नळावर रांग असते, आणि त्या रांगेत कुणाच्या पुढे उभं राहायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन नंबरच्या बराकीत आम्ही एकतीस जणी. कुणी सासऱ्याला जिन्यावरून ढकललेलं, कुणी मालकिणीचा गळा आवळलेला, कुणी नुसतीच चोरी करून आलेली आणि बाकीचं शिक्षण इथे झालेलं. साबणावरून मारामारी, खिडकीखालच्या जागेवरून मारामारी, कुणी कुणाकडे कसं पाहिलं यावरून मारामारी. मोज्यात साबणाची वडी घालून फिरवली तर बरगडी मोडते आणि वर वळ उठत नाही, ही विद्या मला इथेच मिळाली. मी सगळ्यांत हलकी. प्रुफांवर वाकून वाकून पाठीला पोक आलेली बाई. कुणाचं कुणाशी बिनसलं की राग काढायला मी आयतीच सापडायचे.

आठ वर्षं अशी गेल्यावर ते पुस्तक आलं. कुठल्याशा संस्थेने जुन्या पुस्तकांचं खोकं दिलं होतं. त्यात हे एक, कव्हर गेलेलं, पहिली चार पानंही गेलेली. त्यामुळे नाव काय, लिहिलं कुणी, आम्हाला आजही ठाऊक नाही. आम्ही त्याला खजिन्याचं पुस्तक म्हणतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तास बराकीत बसून काढायचे असतात, तेव्हा मी ते भिंतीकडे तोंड करून वाचत होते आणि सवयीने पुटपुटत होते. पैलवानिणीने ऐकलं. ही बाई दगडाच्या खाणीवर कामाला होती, मुकादमाने अंगाला हात लावला म्हणून घणाने त्याचं डोकं फोडून आली. एका हाताने माणूस उचलते. माझा दात तिनेच पाडला होता. म्हणाली, "काय मंत्र म्हणतेस गं? वाचायचं तर नीट वाच, नाहीतर दुसरा दात काढते." मी घाबरून आवाज चढवला. पंधरा मिनिटांत ती मांडी घालून समोर बसली होती, आणि अर्ध्या तासात बराकीतली एकूण एक.

गोष्ट अशी. पाण्याने भरलेली एक जुनी खाण, तिच्या पोटात कुठल्याशा राणीने दडवलेला खजिना, आणि तो शोधायला निघालेली सात माणसं. दर दोन प्रकरणांनी त्यातलं एक मरतं. कुणाचा दोर तुटतो, कुणी बुडतं, कुणाच्या पाठीत सुरा सापडतो. मारणारा कोण, ते कळत नाही. आणि त्या सगळ्यांना अंधारातून होडीने नेणारा एक मुका नावाडी. पैलवानिणीचा सगळा जीव त्या नावाड्यात. ती कुणाला काही बोलून दाखवत नसे, पण त्याचं नाव निघालं की तिचे हात आपोआप वल्ही मारायला लागत.

बाळा, तुला सांगते, मी हजारो पानं तपासली, पण पुस्तकाचं असं वेड कधी पाहिलं नव्हतं. पुढचं कोण मरणार यावर बायका आपल्या वाट्याचे पावाचे तुकडे लावायच्या. बराकीतल्या म्हातारीने दोन केरसुण्या घेऊन पुलावरची झुंज अशी करून दाखवली, की तिघींना पोट धरून बसावं लागलं. जिची सुटका होती ती एक बाई तर दारात बसकण मारून म्हणाली, "अहो, गुहेचं प्रकरण तेवढं संपू द्या की! माझा नवरा थांबेल बाहेर, त्याला सवय आहे." शिपाईणबाई ओरडायला आली आणि स्वतःच चौकटीला टेकून उभी राहिली. मुख्य म्हणजे वाचन चाललं त्या पाच आठवड्यांत मला कुणी बोट लावलं नाही. माझ्यावर हात उचलला तर दुपारचं वाचन बुडेल, अशी धमकी पैलवानिणीने स्वतः देऊन ठेवली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी भिंतीला पाठ न लावता झोपले.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. शेवट मी आधीच वाचला होता, आमच्या धंद्यातली खोड. नावाडी मुका नव्हताच. सगळ्यांना मारणारा तोच. पैलवानिणीच्या तोंडाकडे पाहून मी ठरवलं होतं, शेवटची चार प्रकरणं वाचताना बदलून टाकायची. मारेकरी दुसराच कुणी करायचा आणि नावाड्याला खजिन्यासकट घरी पोहोचवायचं. छापलेलं कोण तपासणार आहे? वाचता येणारी मी एकटी.

तेवढ्यात ती मुलगी आली. बाविशीची, काडीसारखी, कसल्याशा खोट्या सह्यांच्या प्रकरणात अडकलेली. आम्ही तिला कॉलेजवाली म्हणायचो. आल्यावर दोन दिवस नुसती रडली. तिसऱ्या दुपारी वाचन सुरू झालं तशी तिने मान वर केली, चेहरा उजळला तिचा. "अय्या, हे मी शाळेत असताना वाचलंय!" तिला वाटलं असावं, या बायकांमध्ये आपलंसं काहीतरी सापडलं. आणि त्या आनंदात बोलून गेली, "तो नावाडी मुका नसतोच मुळी. तोच सगळ्यांना मारतो."

पैलवानीण उठली. मला वाटलं, पाणी प्यायला चालली. तिने कोपऱ्यातली पत्र्याची बादली कडीला धरून उचलली आणि वळता वळता त्या पोरीच्या कानशिलावर घातली. असा आवाज झाला, की तो मला अजून जेवताना ऐकू येतो. पोरगी आडवी झाली. कान फाटून लोंबत होता, आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती गुडघे पोटाशी ओढत होती. तिथे थांबायला हवं होतं. पैलवानिणीने बादली परत उचलली आणि दुसऱ्यांदा घातली, त्या हातांवरच. मनगटाचं हाड मोडलेलं मी ऐकलं. मी पाच पावलांवर पुस्तक उघडं धरून उभी होते. ओरडलेदेखील नाही. पैलवानिणीचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. दुसऱ्या वाराच्या वेळी त्या चेहऱ्यावर राग नव्हता गं. राग पहिल्या वारात संपला होता. दुसरा वार नुसता हाताने केला, कारण हात वर गेलेला होता.

जेलर मॅडमनी एकेकीला बोलावलं. बाकी सगळ्यांनी एकच सांगितलं: मोरीत पाय घसरला. मोरीपासून पंधरा फुटांवर रक्ताचं थारोळं, पण घसरली ती घसरली. पोरीला बोलता येत नव्हतं. बरी होऊन ती परत याच बराकीत येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच सांगायचं ठरवून गेले होते. पैलवानीण माझं कवच होती, आणि खरं सांगणाऱ्याचं इथे काय होतं ते मी पाहिलं होतं. मॅडमनी मान खाली घालूनच विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बादलीने मारलं. दोनदा. दुसऱ्या वेळी ती खाली पडलेली होती, हात डोक्यावर होते." मॅडमनी पेन ठेवून कुणी ते विचारलं, तेही सांगितलं. मला तिथेच दरदरून घाम सुटला, पण तो मार बसणार या भीतीने नव्हता. ते शब्द मी आधी कुठे ऐकले होते, ते मला आठवलं होतं.

मार बसायचा तो बसलाच. कपडे धुण्याच्या जागी चौघींनी धरलं, मोजे होतेच. एक बरगडी गेली. मग म्हातारीने, केरसुणीची तलवार करणाऱ्या त्याच म्हातारीने, माझा उजवा हात दगडावर ठेवून वर दुसरा दगड घातला. "हा बोटं दाखवणारा हात ना?" म्हणाली. मला दवाखान्यात टाकलं ते कॉलेजवालीच्या शेजारच्या खाटेवर. तिचा डावा कान गेला, कायमचा. शब्द हळूहळू परत येताहेत. पहिलं वाक्य तिने माझ्याशी बोललं ते असं: "मी सांगायला नको होतं." मी म्हटलं, "पोरी, गोष्टीचा शेवट सांगितल्याबद्दल कुणाचं डोकं फोडत नाहीत. चूक तुझी नाही." हे बोलताना माझी नजर तिच्याकडे होती, पण मी बोलत तुझ्याशी होते.

आता हसू नकोस. पाचव्या दिवशी त्याच चौघींपैकी दोघी दवाखान्याच्या खिडकीशी येऊन उभ्या. मला वाटलं, उरलेली बोटं मोडायला आल्या. तर म्हातारी विचारते, "बाई, पुढचं प्रकरण कधी?"

पैलवानिणीला एकटीच्या कोठडीत ठेवलंय, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुरुंगात नेणार. मी मॅडमना विनंती केली आणि त्यांनी ऐकली. गेले चार दिवस दुपारी शिपाईण मला तिच्या गजांसमोर स्टुलावर बसवते आणि मी वाचते. ती पाठ करून बसते. पहिल्या दिवशी म्हणाली, "तू माझं नाव सांगितलंस. तुझी मान मोडली असती मी." मी म्हटलं, "ठाऊक आहे." मग म्हणाली, "वाच." मी एक अक्षर बदललं नाही. काल तो प्रसंग आला: नावाडी वल्हं खाली ठेवतो आणि पहिल्यांदा तोंड उघडून बोलतो. मी थांबले. तिचे खांदे हलत होते. "पोरगी खरंच बोलत होती की," एवढंच म्हणाली. आणि मग, पाठ तशीच ठेवून, "तिचा कान कसा आहे?"

आता मला लिहायलाच हवं. तू चौदा वर्षांची होतीस. दुपारी शाळेतून आलीस, आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात उभी राहिलीस. तुझ्या बापाने माझे केस धरून डोकं दोनदा भिंतीवर आपटलं होतं, आणि मी हाताला लागली ती इस्त्री उचलून त्याला मारली. त्या वाराचा मला आजही पश्चात्ताप नाही. तो गुडघ्यांवर बसला, त्याने हात वर केला, "थांब" म्हणाला. मी थांबले नाही, दुसरा वार घातला आणि त्यात तो गेला. वकिलांनी तुला आठवडाभर पढवलं होतं, एकच वार म्हण, आई सुटेल. कोर्टात तू म्हणालीस, "दोनदा. दुसऱ्या वेळी बाबा खाली बसले होते." माझी शिक्षा त्या वाक्यावर ठरली. नऊ वर्षं मी ते वाक्य तुझ्याविरुद्ध मनात उगाळत राहिले, पत्रं परत पाठवली, आणि तुझा मामा भेटीला येऊन म्हणाला, "आईला आत घालणारी पोर माझ्या घरात नको," तेव्हा मी त्याला गप्प केलं नाही. तू कुणाच्या आधाराने राहिलीस तेही विचारलं नाही. टिटवी, तू पाहिलंस तेच सांगितलंस. दुसरा वार मी केला, गरज नसताना केला, आणि तू बोलली नसतीस तरी तो झालेलाच होता. हे पत्र मामाला दाखव, मामीला दाखव, ज्याने ज्याने तुझ्याकडे तसं पाहिलं असेल त्याच्या हातात दे. सही माझी आहे, वाकडी असली तरी. यापुढे तुला कुणी विचारलं, तुझ्या आईला तुरुंगात कुणी धाडलं, तर मान खाली घालू नकोस. सांग, आईनेच.

तुझीच, आणि आता तुझ्यासमोर काही न लपवणारी,
आई