काटा चाळीसच्या आत

गेवराई
१२ जानेवारी २०१९

ती. आश्रुबा मामा आणि सत्यभामा मामी यांना बद्रीनाथचा दंडवत.

इकडं आमी सगळे ठीक हाव. थोरलीला शाळेत घातलं. आईचे गुडघे थंडीत धरतात, पण हिंडती-फिरती हाय. पाणी यंदा बी न्हाई, गल्लीत टँकर चौथ्या दिवशी येतो. तुमच्या हिरीत काय उरलं का? मामांचा पाय ठणकतो का? फोनवर मी हेच इचारतो, मामी "बरं हाय" म्हणतात, अन् मग दोघांनाबी पुढं काय बोलावं ते सुचत न्हाई. म्हणून लिहायला बसलो.

मामी, हे पत्र तुमीच मामांना वाचून दाखवणार. एक इनंती हाय. मधलं काही गाळू नका.

दुधाचा टँकर सोडून मला तीन वर्षं झाली हे तुमाला ठाऊक हाय. जुना आयशर घेतला, अन् आता घोडी न्यायचं-आणायचं काम करतो. लग्नाची, शर्यतीची, बाजारातली. माझ्या गाडीचा काटा चाळीसच्या वर जात न्हाई. वळणावर वीस. हौद्यात वाळू टाकतो, तिच्यावर भुसा. दोन-अडीच तासाला गाडी सावलीला लावून पाणी दाखवतो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतात, पुढं जाताना आई-बहीण काढतात. जाऊ द्या. घोडेवाले मला 'हळू बद्री' म्हणतात.

परवा माळेगावच्या जत्रेत एक गोष्ट झाली. परभणीकडचे बबनराव म्हणून घोड्यांचे मोठे शौकीन हायेत. त्यांच्या सहा घोड्या मी नेल्या होत्या. एकीच्याबी गुडघ्याला खरचटलं न्हाई. त्यांनी दहा-वीस माणसांत मला उभं करून फेटा बांधला. "बद्रीनाथ, ही अक्कल कुठं शिकलास बे?" म्हणाले. मी म्हणलो, "माझे मामा हायेत लिंबागणेशचे, आश्रुबा. त्यांनी शिकवलं."

गर्दीत आपल्या भागातला एक जण होता. तो म्हणाला, "आश्रुबा? ज्याची घोडी भडकली अन् त्यालाच चेंगरलं, तो का?"

लोक हसले.

मामा, मीबी हसलो. डोक्यावर फेटा होता अन् मी हसलो. तवापासून जेवण गोड लागत न्हाई.

आता मूळ गोष्टीला येतो. सहा वर्षं तिच्याभोवती घिरट्या घालतोय.

त्या उन्हाळ्यात छावणीवाल्यांनी सांगितलं की दावणीला गाई-बैल घेऊ, घोडी घेणार न्हाई. तलवाड्याला मामींच्या बहिणीच्या, जानकीबाईंच्या हिरीला पाणी होतं. तुमच्या शेवंती घोडीला पावसापर्यंत तिकडं ठेवायचं ठरलं. दूध सोसायटीची पिकअप मी चालवायचो. सेक्रेटरीनं एवढंच सांगितलं की संध्याकाळच्या दुधाला पाचपर्यंत गाडी परत पायजे. आपण सकाळी सातला निघालो. वेळ लई होता. चाळीसनं जाऊनसुदिक दुपारी तलवाडा अन् चारला परत, असा तुमीच हिशोब घातला होता.

निघताना तुमी म्हणलात, "बैल गाडीत बसून घेतो बद्री, घोडं बसत न्हाई. ते चारी पायांवर रस्ता झेलतं. तू वळलास की त्याला कुणीतरी बाजूनं ढकलल्यासारखं होतं. ब्रेक दाबलास की पुढून. तवा काटा चाळीसच्या आत. अन् ब्रेक दाबायचा न्हाई, पाय नुसता ठेवायचा." मी "हाव मामा" म्हणलो. तुमी केबिनमधी बसला न्हाईत. शेवंतीच्या तोंडाजवळ, मागं हौद्यात उभे राहिलात. "तिला माणूस दिसलं की ती निवांत असती," म्हणलात.

मांजरसुंब्याला मी गाडी थांबवली. तुमाला म्हणलो, रेडिएटर तापलं, अर्धा तास लागंल. रेडिएटर तापलं नव्हतं. समोरच्या हॉटेलात सोसायटीचे डायरेक्टर पंडितराव बसले होते. दूध संघाच्या नव्या टँकरवर कायमचा ड्रायव्हर घ्यायचा होता अन् तो ठरवणं त्यांच्या हातात होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. मिसळ आली. त्यांच्या प्रत्येक गोष्टीला हसलो. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. काचेतून मला तुमी दिसत होता. डोक्याचं धोतराचं फडकं काढून तुमी ते शेवंतीच्या डोळ्यांवर सावलीला धरलं होतं. मी पाठ फिरवून बसलो.

उठताना पंडितराव म्हणाले, "पाचला गाडी डेअरीवर दिसली तर तुझं नाव पुढं करतो." मग मी गाडी पळवली.

घाट उतरताना काटा पासष्टवर होता. मी सगळ्यांना चाळीस-पंचेचाळीस सांगितला. पासष्ट होता.

तुमी टपावर थाप मारली, दोनदा. मी सगळ्यांना काय सांगितलं ते तुमाला माहीत हाय. टेप चालू होता, आवाज मोठा होता, ऐकू आलं न्हाई. पोलिसाला सांगितलं, आईला सांगितलं, दवाखान्यात तुमच्या खाटेजवळ उभं राहून मामींना सांगितलं.

मामी, आता थांबू नका, वाचा.

मला ऐकू आलं होतं. पहिली थाप ऐकली अन् मनात म्हणलो, म्हाताऱ्याला सगळ्याचीच भीती. दुसरी थाप ऐकली अन् टेपचा आवाज वाढवला. टेप आधी मोठा नव्हता. थाप ऐकू येऊ नये म्हणून मी तो मोठा केला.

पुढच्या वळणावर एस.टी. समोर आली. मी ब्रेक सगळा दाबला. मागं धाडदिशी आवाज झाला, घोडीपुढचं आडवं लाकूड मोडलं, अन् गाडी थांबली तवा शेवंती कुशीवर पडली होती अन् तुमी तिच्याखाली. एस.टी.तल्या माणसांनी तुमाला काढलं. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. जनावरांचा डॉक्टर येऊन तिला शेवटची सुई देईस्तोवर ती ओरडली न्हाई. नुसती तुमच्याकडं बघत होती. तुमीबी.

दवाखान्यात जमादार जबाब घ्यायला आला. कंबरेपासून खाली तुमाला प्लास्टर होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. तुमी माझ्याकडं एकदा बघितलं अन् म्हणलात, "लिहा साहेब. घोडी बुजली. पोराचा काही दोष न्हाई."

चौदा वर्षं बँडपुढं, फटाक्यांत, बंदुकीच्या बारात शेवंतीनं कान हालवला नव्हता. तुमी तिला बुजरी म्हणलात. अन् मी "हाव, बुजली" म्हणलो.

जबाबात दोष घोडीचा लागला, म्हणून टँकर मला मिळाला. पुढच्याच महिन्यात.

आणखी काय लिहू? तुमच्या पायाला तेल लावायला यावं असं रोज वाटतं. येत न्हाई.

तुमचा भाचा
बद्रीनाथ

⁂

लिंबागणेश
१७ जानेवारी २०१९

चि. बद्रीनाथ यास,

मी सत्यभामा लिहिते. हे सांगतात तसं लिहिते, माझ्या मनाचं काही घालत नाही.

तुझं पत्र ऐकलं. दोनदा वाचून घेतलं. तुला ऐकू आलं होतं ते मला ठाऊक होतं. केबिनची मागची काच उघडी होती. मी थाप मारली अन् आत गाणं मोठं झालं, ते मला त्याच वक्ताला कळलं.

मी जमादारापुढं खोटं बोललो ते तुझ्या आईसाठी. माझी बहीण तुझ्यावर अवलंबून होती. तू आत गेला असतास तर तिनं कुणाकडं बघायचं? त्याचं मला काही वाटत न्हाई. मला वाटतंय ते दुसरंच. मी जितीजागती माणसं वाचवायला मेलेल्या जनावरावर बोट ठेवलं. ती परत बोलणार नव्हती म्हणून ठेवलं.

त्या एका शब्दानं काय झालं ते तुला पुरतं माहीत न्हाई, कारण तू येत न्हाईस. शेवंतीची लेक, ती शिंगी, वरातीजोगी झाली, तरी बँडवाल्या सुग्रीवनं दुसऱ्याची घोडी लावली. म्हणला, "आश्रुबा, राग धरू नको, पण नवरदेव पडला तर?" शिंगी मोठी झाली ती आईपेक्षा देखणी, आईपेक्षा शांत. तिला एकाबी वरातीत कुणी नेलं न्हाई. भडकणाऱ्या घोडीची अवलाद, म्हणायचे. शेवटी वीटभट्टीवर गाडा ओढायला गेली. मी कुबडी घेऊन वेशीपर्यंत गेलो होतो तिच्यासंगं.

मला तेल लावायला येऊ नको. चोवीस तारखेला संकष्टी हाय, गाव देवळात जमतं, सुग्रीवबी असतो. आधी तिथं जा. शेवंती बुजली नव्हती, एवढं सांग. मी येणार न्हाई. माझ्यादेखत सांगितलंस तर लोक म्हणतील, मामानं बोलवून घेतलं.

(एवढंच त्यांनी सांगितलं. जास्तीचं लिहिणार नाही असं मी वर म्हटलं होतं, तरी लिहिते. पत्र वाचून झाल्यावर ते गोठ्यात जाऊन बसले. गोठा रिकामा आहे.)

सत्यभामा

⁂

गेवराई
२५ जानेवारी २०१९

ती. मामांना,

काल जाऊन आलो. मोटारसायकल फाट्यावर लावली अन् गावात चालत आलो. ओळखीच्या माणसांनी "कधी आलास, ये चहा घे" म्हणलं. मी थांबलो न्हाई, थांबलो असतो तर सांगणं राहिलं असतं.

आरती झाल्यावर माणसं पायरीवर बसली होती. सुग्रीव होता, सोसायटीतले दोघं-तिघं होते, तुमच्या शेजारचा सटवा होता. मी उभा राहिलो. नीट जुळवून आणलेलं सगळं इसरलो. म्हणलो, "आश्रुबा मामाची शेवंती बुजली न्हवती. मी गाडी पासष्टनं घाट उतरवली. मामा टपावर थापा मारत होते, त्या मला ऐकू येत होत्या. मी ब्रेक दाबला म्हणून ती पडली."

मग सुग्रीव म्हणला, "अन् आश्रुबानं सोता जबाब दिला ना, घोडी बुजली म्हणून?"

"माझ्यासाठी दिला."

"मग सहा वर्षं गप कावून बसलास बे?"

मामा, याला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून गेलो न्हवतो. भीती होती म्हणावं, लाज होती म्हणावं, असं मनात आलं. पण तोंडातून खरं तेच गेलं. म्हणलो, "टँकर पायजे होता."

सटवा उठून माझ्या अंगावर आला. "तुला ठाऊक हाय का, ती शिंगी इकताना तुझा मामा कसा रडला ते?" लोकांनी त्याला धरलं. धरायला नको होतं. मग सुग्रीव हातातली टोपी झटकून उठला अन् म्हणला, "आश्रुबाच्या दारात आता मला बी जायला तोंड न्हाई. पण जावं लागंल." तो आला का न्हाई, मला माहीत न्हाई. आला तर त्याला पाट द्या. त्याची चूक फसल्याची हाय. माझी तशी न्हाई.

परत जाताना तुमच्या घरावरून गेलो. तुमी ओट्यावर होता. कुबडी भिंतीला होती. मामी दारात उभ्या होत्या, त्यांनी मला बघितलं अन् पदर तोंडाला लावला. मी आत आलो न्हाई. 'आधी तिथं जा' असं तुमी लिहिलं होतं. 'मग घरी ये' असं लिहिलं न्हवतं. ते मी चार-चारदा बघितलं.

आज सकाळी त्या वीटभट्टीवर जाऊन इचारलं. शिंगी गेल्या दिवाळीत त्यांनी पुढं कुणाला तरी इकली, कुणाला ते मुकादमाला आठवत न्हाई. मी फोन नंबर देऊन आलो. घोड्यांच्या बाजारांत माझं जाणं असतं. कुठं दिसली तर मी तिला आणीन, असं लिहिणार होतो. पण दिसंल का न्हाई ते माझ्या हातात न्हाई, अन् तुमाला आशा लावून मी मोकळा होणार न्हाई.

या दोन्ही पत्रांत 'माफ करा' असं मी कुठं लिहिलं न्हाई. इसरलो न्हाई. मी मागितलं तर तुमी "केलं माफ" म्हणताल, तुमचा स्वभावच तसा हाय. पण मामा, माझ्यासाठी तुमी एकदा खोटं बोललात, तेवढं बास झालं.

तुमचा अन् शेवंतीचा गुन्हेगार,
बद्रीनाथ