गुस्तावची लेक

गॉलवे, आयर्लंड
७ नोव्हेंबर

प्रिय देवा,

तुला आणि चित्राला थोरल्या भावाचे आशीर्वाद. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. माझी तब्येत उत्तम आहे. थंडी आहे, पण योगिनीने मला इतके कपडे घातलेत की मी चालतोय की गडगडतोय, ते कळत नाही.

दिवाळीत मागच्या अंगणात किल्ला केला. माती फार ओली, बुरूज दोनदा बसला. पुण्याहून आणलेले महाराज शेवटी गडावर विराजमान झाले.

एमिलचे वडील गुन्नर स्वीडनहून आलेत. एमिल म्हणजे तोच, ज्याच्याशी लेकीने ठरवलेलं लग्न मोडायला तू मला इथे पाठवलंस. गुन्नर दातांचे निवृत्त डॉक्टर. किल्ला पाहिल्यावर त्यांना चेवच आला. त्यांचाही एक राजा, चारशे वर्षांपूर्वीचा गुस्ताव अडॉल्फ. सोळाव्या वर्षी गादीवर बसला, हलक्या तोफा घेऊन झपाट्याने चाल करायचा. आपल्या धर्मपंथासाठी समुद्र ओलांडून जर्मनीत लढायला गेला. तिथेच पडला. नजर अधू, त्यात दाट धुकं. भलतीकडेच शत्रूच्या घोडदळात शिरला. जुनी गोळी खांद्यात सलायची, म्हणून अंगात चिलखत नाही. मी म्हटलं, आमचे महाराज खानाला भेटायला गेले ते अंगरख्याखाली चिलखत घालूनच. गुन्नरना ते फार आवडलं नाही. आमचं दोघांचं छान जमलंय.

काल त्या राजाचा स्मृतिदिन. गुन्नरनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे केक केला, वर चॉकलेटचा राजाचा मुखवटा. सुरी माझ्या हातात दिली. देवा, माझा हातच चालेना. राजाच्या तोंडावर सुरी कशी फिरवायची? मी मुखवटा अलगद उचलला, चपला काढल्या आणि गडावर महाराजांशेजारी नेऊन ठेवला. सगळे हसून लोटपोट. आम्ही तर दरवर्षी त्याला खातो, असं गुन्नर म्हणाले. तेवढ्यात एका सीगल पक्ष्याने चॉकलेटच्या राजाची स्वारी उचलून नेली. योगिनी म्हणाली, "बाबा, ग्रँड. आता युद्ध पेटणार." खूप दिवसांनी ती माझ्यासमोर अशी मोकळी हसली. मी आल्यापासून बिचारी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय बोलायला आलोय ते तिला ठाऊक होतं.

मग चहा घेताना राहिलेली गोष्ट कळली. राजाला एकच मुलगी, क्रिस्तिना. तो गेला तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती. हिला मुलासारखं शिकवा, असं तो सांगून गेला होता. ती शिकली, राणी झाली आणि एक दिवस मुकुट उतरवून रोमला निघून गेली. ज्या पंथाविरुद्ध बाप लढला, तोच तिने स्वीकारला. मी विचारलं, राजा जिवंत असता तर?

गुन्नर म्हणाले, "आधी खूप भांडला असता. नंतर तिच्याशिवाय त्याला करमलं नसतं."

देवा, योगिनीची आई गेल्यावर मीच तिला शिकवलं ना, की स्वतःचं स्वतः ठरव? आता तिने ठरवलं, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? मुलगा चांगला आहे. तिला ताप आला तेव्हा त्याने केलेली मुगाची खिचडी मी खाल्ली; मीठ कमी होतं, एवढीच तक्रार. मी हो म्हणालो. लग्न मार्चमध्ये, पुण्यात. सांगायचं होतं ते हेच, आणि बघ, केकापर्यंत जाऊन आलो.

तू चिडशील. दोन दिवस चीड. पण मी विधुर, तेव्हा कन्यादानाला रीतीप्रमाणे काका-काकूंनी बसायचं. योगिनीलाही तुम्हीच हवे आहात. "काका येईल ना?" असं तिने दोनदा विचारलं. मी येईल म्हणून सांगितलंय, तुला न विचारता.

नाहीच आलास, तर बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून मी एकटा बसेन. शास्त्रात ती सोय आहे. पण भाऊ नाही आला, तर त्याच्या जागी काय खोचायचं, ते शास्त्राने सांगितलेलं नाही.

चित्राला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

दोन्ही पाट मांडून ठेवणारा,
तुझा दादा शिरीष