रिकामा ग्रह

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमच्या कादंबरीचं बाड मिळालं. माझं बरं चाललंय, गुडघा तेवढा कुरकुरतो. उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा वाचली. दुसऱ्यांदा चिडून.

थेंबन्‌थेंब पाणी पुन्हा वापरणारी तुमची काचेची नगरं छान आहेत. पण तो मोजणीदार यानातून उतरतो, दोन दिवस फिरतो आणि अहवालात लिहितो, "ग्रह रिकामा." पुढे तीनशे पानं माणसं सुखानं नांदतात. अहो, पिण्यासारखं पाणी आहे तिथे कुणीच नसेल? मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं वाचनालयात. अशा वसाहतींच्या कथा ढिगानं वाचल्यात. प्रत्येकीत ग्रह आपला रिकामाच. वीट आला.

तुम्ही लिहिलंत, मोजणीदार म्हणजे आपला दादाच, पुस्तकही त्यालाच अर्पण. हे जाऊन सहा वर्षं झाली, तरी 'मोजणीदार' हा शब्द वाचला की मी दाराकडे बघते. म्हणून पुढचं लिहायचं टाळत होते.

डोंगराखालच्या झऱ्याच्या पट्ट्याची सरकारी मोजणी यांनी केली. नकाशा हे पेन्सिलीनं काढायचे, शाई मी भरायची. माझा हात स्थिर. त्या नकाशावर एकोणीस ठिपके होते.

"हे काय?"

"घरं. वर्षातले चार महिनेच राहतात. साहेब म्हणाले, धरायची नाहीत."

"आणि उरलेले आठ?"

"गुरं घेऊन वर जातात. तू शाई भर ना बाई, उद्या द्यायचाय."

मी ठिपके पुसले. वर सुबक अक्षरात लिहिलं, 'रिकामी जमीन'. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं म्हणे.

तिथे नवी वस्ती आली, पंप बसले. अकराव्या वर्षी झरा आटला. ती माणसं चारच महिने का राहायची, ते तेव्हा कळलं. झऱ्याला भरायला आठ महिने लागत.

हे वाईट नव्हते, भाऊजी. पण त्या बाजूला पुन्हा कधी गेले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

सोमवारी बाड छपाईला जाणार म्हणता. त्याआधी त्या ग्रहावर घरं दाखवा आणि मोजणीदाराला ती दिसू द्या. मग खुशाल यांना अर्पण करा. तेवढं होत नसेल तर यांचं नाव काढा. खोटं शाईत पक्कं करायचं काम मी एकदा केलंय. दुसऱ्यांदा नाही.

विचारूनही गप्प बसलेली,
तुमची वहिनी