सव्वादोन इंचांची चोरी

।। श्री वीतरागाय नमः ।।

कंग्राळी, ता. १७ नोव्हेंबर १९३६

ती. राजमतीआक्कास कुंथुनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि फितीनं घेतलेलं माप पोचलं. काकांच्या त्या वखारीत पडलेल्या सायकलीचं उघडं चाक कडेपासून कडेपर्यंत साडेपंचवीस इंच, म्हणजे सव्वीसच धर, असं तू लिहिलंस. धरलं. पुढचं आख्खं चाक आणि मागच्यासाठी टायर उद्याच्या मोटारीनं निपाणीला धाडतोय. आठ दिवस उशीर झाला खरा. पण इथं ज्याच्याकडं राहतोय त्या दोस्ताच्या, भावकूच्या गावात कुस्त्या लागल्या, मग जिंकलेल्या पैलवानाला पोचवायला मंडळी गाडी जुंपून निघाली, त्यात मीही चढलो. पैलवानाला एकटं कसं सोडायचं?

बेळगावच्या दुकानदाराचं वागणं मात्र ऐक. सव्वीसचं चाक दे म्हटलं, तर जुनं चाक आणलंय का, सायकल कुठल्या सालची, माप कुणी घेतलं, शंभर प्रश्न. मी म्हटलं, तुला चाक विकायचंय का माझी सोयरीक जुळवायचीय? माझी आक्का ट्रेनिंग झालेली मास्तरीण आहे, तिला माप घेता येतं.

आणि आप्पांची अट मला अजून पचत न्हाय. दिवस मावळल्यावर आपल्या जैनांत जेवत न्हाईत, मान्य. पण कोगनोळीच्या शाळेतली नोकरी हवी तर रोज उजेड असताना घरच्याच ताटावर बसायचं, डबा चालणार न्हाय, जमलं न्हाय तर राजीनामा, हा कुठला न्याय? शाळा सुटते पाचला. पुढं सायकल न्हाय तर सहा मैल चाल. सूर्य काय आपल्या घरचा गडी आहे, थांब म्हटलं की थांबायला?

आईला नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
कुंथू

निपाणी, ता. २२ नोव्हेंबर १९३६

चि. कुंथुनाथास राजमतीचे अ. उ. आ.

तुझं चाक आलं. पुढे बसवलं आणि सायकल बस्तीच्या देवळात दर्शनाला आल्यासारखी वाकली. ब्रेकचे रबर कडेला लागतच नाहीत. मागचा टायर तर चढेचना. भरमू लोहार आणि त्याचे दोघे भाऊ तासभर ओढत होते, शेवटी आतली तार तुटली. गल्ली जमली होती. मास्तरीणबाई, आता सायकलीलाच पालखीत घालून न्या, असं कुणीतरी म्हणालं आणि आप्पा हसले. गल्लीचं सोड, त्यांच्या हसण्याचा मला फार राग आला.

मी तुझ्या नव्या चाकाचा टायर काढून तीच फीत लावली. पावणेचोवीस भरलं. मी सव्वीस मागितलं होतं कुंथू. पुढच्या सोमवारी, तीस तारखेला, शाळेत हजर व्हायचं आहे. पैलवान त्यांचे ते घरी जातील. तू हे निस्तर.

खाण्यापिण्याची हेळसांड करू नकोस, आणि आक्काचं म्हणणं मनात राहील एवढी तरी जागा ठेव.

तुझी,
राजमती

कंग्राळी, ता. २७ नोव्हेंबर १९३६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पावणेचोवीसचं चाक सव्वीस म्हणून विकलं. सव्वादोन इंचांची चोरी, तीही दिवसाढवळ्या. तुझं पत्र घेऊन थेट दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचलं. म्हटलं, कापडवाला गजात मारतो, दूधवाला मापात मारतो, तंबाखूवाला ओल देऊन वजनात मारतो (यात आप्पाही आले, हे नंतर ध्यानात आलं), पण चाकात मारणारा मी आजच बघितला. तो काहीतरी सांगायला लागला. मी ऐकून घेतलं न्हाय. चोराचं काय ऐकायचं? मग त्यानं मला बकोट धरून बाहेर काढलं.

आणखी दोन दुकानं पालथी घातली. तिथंही सव्वीस म्हणून पावणेचोवीसच दाखवतात. आख्खं बेळगाव एका माळेचं मणी. साडेपंचवीसचं द्या म्हटलं तर हसतात लई. भावकू म्हणतो खानापुराकडं एक जुना मिस्त्री आहे. उद्या तिकडं निघालोय, वाटेत कुठं थांबणार न्हाय.

तुझ्या बाजूनं भांडतोय एवढं विसरू नकोस.

तुझा,
कुंथू

निपाणी, ता. ४ डिसेंबर १९३६

चि. कुंथूस अ. उ. आ.

वाट बघून सोमवारपासून मी चालत जाते आणि चालत येते. घरी पोचते तेव्हा दिवा लागलेला असतो. आई वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवते. मग पाणीसुद्धा सकाळीच. मंगळवारी आप्पांनी राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, मला उपास येतो, या कागदावर सही येत नाही. दोन वर्षं त्या मुलींना शिकवायला कुणी नव्हतं. चौतीसजणी आहेत आणि पाढा दोघींनाच येतो. त्यांना सोडून तुझ्यामाझ्या घरातल्या ताटापायी घरी बसू?

बेळगावात सगळे चोर आणि तू एकटा साव, हे मला पटत नाही. चिडायला तुला वेळ आहे, ऐकून घ्यायला नाही.

काल आप्पाही जेवले नाहीत, असं आईनं आज सांगितलं. उजेड असेपर्यंत वेशीत उभे होते म्हणे, माझी वाट बघत. आणि आज सकाळी सायकलीचं मागचं चाक खोलून पहिल्या मोटारीनं गेले. कुठे ते बोलले नाहीत. तुझ्याकडेच येत असावेत. उलट बोलू नकोस.

त्यांची आणि स्वतःची काळजी घे, म्हणजे माझं पावलं.

तुझी,
राजमती

कंग्राळी, ता. ५ डिसेंबर १९३६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

खानापुराहून रिकाम्या हातानं परतलो होतो. काल आप्पा भावकूच्या दारात उभे, खांद्याला गंजकं चाक अडकवलेलं. मोटारीतनं उतरून तसेच भर बाजारातनं आलते. मला वाटलं आता मार बसणार. ते नुसतं चल म्हणाले आणि त्याच दुकानात घेऊन गेले. दुकानदार मला बघून उठला, मग आप्पांचा खांदा बघून खाली बसला.

त्यानं आप्पांनी आणलेलं चाक भिंतीला लावलं आणि शेजारी टायर चढवून हवा भरलेलं दुसरं ठेवलं. तेव्हा उलगडा झाला. सायकलीच्या चाकाचं माप उघड्या लोखंडाचं धरत न्हाईत. हवा भरलेल्या टायरसकट, जमिनीपासून माथ्यापर्यंत धरतात. आपलं लोखंड साडेपंचवीस, म्हणजे चाक अठ्ठावीसचं. त्याचं सव्वीस सव्वीसच होतं. हे आधी का सांगितलं न्हाय म्हणून मी परत तापलो. तो म्हणाला, सांगत होतो तेव्हा तुम्ही चोरांची यादी वाचत होता.

तर अठ्ठावीसचं चाक त्याच्याकडं शिल्लक न्हाय. मागवतो म्हणाला, आठवडा लागेल. आक्का, तंबाखूच्या सौद्यात कधी आवाज न चढवणारे आपले आप्पा तिथं म्हणाले:

"पोरगी चार दिस उपाशी हाय. मी आठवडा कुठनं आणू?"

दुकानदारानं बाहेर उभी असलेली स्वतःची सायकल आत घेतली आणि पुढचं चाक, मागचा टायर उतरवून दिला. आप्पा लगोलग दुपारच्या मोटारीनं परत गेले. मी जेवलो का हे विचारलं न्हाय. निघताना दुकानदाराला एवढंच विचारलं, की ब्रेक दाबला तर सायकल जागच्या जागी थांबते का.

मला अजून संताप येतोय, पण कुणावर ते सापडंना झालंय. तेवढं सापडेपर्यंत सांभाळून घे.

तुझा,
कुंथू

निपाणी, ता. ८ डिसेंबर १९३६

चि. कुंथूस अ. उ. आ.

चाकं बसली. सायकल ताठ उभी राहिली. काल तिच्यावरून गेले आणि आले. पण ट्रेनिंगला असताना मी शिकले ती सायकल बुटकी होती. ही उंच, पाय जमिनीला पोचत नाहीत. कोगनोळीत चढवायला आणि धरायला मुली होत्या, म्हणून निभावलं. निपाणीच्या वेशीत आप्पा उभे होते. मला थांबता येईना. ब्रेक दाबला तर आडवी होईन अशी भीती, म्हणून घंटी वाजवत त्यांच्या समोरून निघून गेले. आप्पा धोतर आवरत मागे धावले, सगळ्या पेठेतून, आणि आपल्या दारात येऊन त्यांनी कॅरियर धरलं.

काय चिडले होते म्हणून सांगू. उतरायला येत नाही तर माणसानं चढावं कशाला, पन्नाशीच्या माणसाला चारचौघांत घोड्यामागं पळवल्यासारखं पळवलं, उद्या व्यापारी काय म्हणतील. भिंतीवर अजून ऊन होतं. आम्ही दोघं ताटावर बसलो तरी त्यांचं चालूच. शेवटी आईनं विचारलं, मग उद्यापासून सायकल बंद का? आप्पांनी भाकरी मोडली.

"बंद कशाला? उद्या जरा आधीपासनं पळतो."

तूही एकदा येऊन जा. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
राजमती