आठ नटांवरची लाल रेघ

४ मार्च

पुन्हा गळती! सायकलच्या पंपाने हवा भरून ठेवली, तर पाच मिनिटांत दाब दाखवणाऱ्या नळीतलं पाणी चार बोटं खाली. एकतीस वर्षं कारखान्यात पाइप जोडले, दुसऱ्यांच्या गळत्या शोधल्या, आणि घरचा एवढासा डबा मला बंद करता येत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन काढायचा, त्याच्या बारीक जाळावर चष्म्याच्या तुटक्या काड्यांना डाख द्यायचा – असा हा निवृत्तीनंतरचा उद्योग. ही म्हणते, "घरात बॉम्ब करताय." लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण विश्वास म्हणून नाही.

५ मार्च

सगळीकडे साबणाचं पाणी फिरवलं. झाकणाच्या आठ नटांपैकी तिसऱ्यापाशी बुडबुडे. आतलं रबर बदललं, नट आवळले. गळती बंद! चक्क शीळ घातली.

७ मार्च

परत! आता सहाव्या नटापाशी. परवा घट्ट होतं म्हणजे होतं. कुणीतरी हात लावतंय. घरात माणसं दोन. मी नाही, म्हणजे –

हिची लाल नेलपॉलिश घेतली आणि प्रत्येक नटावरून झाकणाच्या पाटीपर्यंत रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटते. कारखान्यातली जुनी युक्ती.

८ मार्च

आठही रेघा तुटल्या! हिला विचारलं. "मी कशाला हात लावू?" वर माझ्याकडेच टक लावून बघत बसली. चोराच्या उलट्या बोंबा.

१० मार्च

मेव्हणा आला होता. चहा पिता पिता बोलून गेलो – "तुमची बहीण माझे नट सैल करते. सरळ 'नको' म्हणायची हिंमत नाही, म्हणून चोरून." तो आधी हसला, मग हसेना. ही कप गोळा करत होती. थांबली. म्हणाली, "हो, मीच केले. चुकलं माझं."

जिंकलो! जेवण मात्र गेलं नाही.

११ मार्च

कसं लिहू हे.

सकाळी उजेडात भिंग घेऊन बसलो. रेघा तुटल्यात खऱ्या, पण नट सैल व्हायच्या बाजूला नाही – आवळायच्या बाजूला सरकलेत. आठही. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या पाटीला तडा गेलाय, केसाएवढा, तिसऱ्यापासून सहाव्या नटापर्यंत. आवळून आवळून गेलेला. गॅस तिथूनच जात होता.

म्हणजे ही बिचारी स्फोटाच्या भीतीने रोज गुपचूप नट आवळत होती. आणि मी तिला तिच्या भावासमोर चोर ठरवलं! तिने निमूट कबूलही केलं. जीभ झडली का नाही माझी! अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

१२ मार्च

माफी मागायला स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी चिरत होती. पाणी प्यालो आणि परत आलो. असं तीनदा.

१३ मार्च

बोललो एकदाचा. "भीतीपोटी आवळत होतीस ना? सांगायचंस की गं. माझं चुकलं."

तिने गॅस बंद केला. म्हणाली, "अहो, मी त्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही. तुम्हीच आवळता. चहाआधी, अंघोळीनंतर, जेवून उठलात की. दिवसातून चार-चारदा. आणि विचारलं की म्हणता, आज अजून बघितलंच नाही."

"मग भावासमोर 'मीच' कशाला म्हणालीस?"

"मग काय, तुमचं हे सांगू त्याला?"