रेवदंड्यापर्यंतचा मटका

बाबा, “पोरी, तू पुढं चाल, मागं बघू नको,” असं तू म्हणाला होतास. चौलच्या वाड्यांमधून रेवदंड्याकडे जाणारी वाट, तुझ्या दोन्ही हातांत फेसाळणारा मटका, आणि तुझ्यापुढे बारा वर्षांची मी. आता माझी चाळिशी उलटली. परवा गरम पाव फोडताना त्याच्या वाफेला तोच आंबूस गोड वास आला, आणि तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलास. म्हणून लिहायला बसले.

मिठाची चळवळ यायला अजून दोन वर्षं होती. तुझी दारू सोडवेल अशा बैठकीचा पत्ता आईला बाजारात लागला. कासारीण बांगड्या भरता भरता म्हणाली, चौलात एक न्हावी दारू सोडणाऱ्यांना देवळाच्या ओसरीवर बसवतो, तेही दिवेलागणीला, ज्या वेळी पाय आपोआप ताडीच्या दुकानाकडे वळतात. नियम एकच, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस हवं. आई म्हणाली, “मी न्हाय जायाची. इतकी वरसं रस्त्यातून मीच उचलून आणला, आता देवळात पन मीच नेऊ?” मग मी निघाले. तू मिठागरातून आलेला, पायांच्या भेगांत मीठ तसंच. ओसरीच्या पायरीशी थांबलास आणि हळूच विचारलंस, “आत मारतात काय गं?”

मारत नव्हते. हसवत होते. न्हावीमामांचा वस्तारा एकदा थरथरला आणि गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी तुटली, त्या दिवशी त्यांनी दारू सोडली. त्या कानाचा मालक बैठकीत सगळ्यांत पुढे बसे. तो म्हणे, “मामानं सोडली, मंग मी पन सोडली. बरूबर प्यायला कोन न्हाय, आनि दुसरा कान तरी वाचला.” एकेकाने आपला दिवस कसा गेला ते सांगायचं. तुझी पाळी आली की तू जमिनीकडे बघून “आज न्हाय” एवढंच म्हणायचास, आणि तेरा माणसं अशी खूश व्हायची, जणू तू लग्नाचं आवतण दिलंस. घरी येताना माझा हात तू धरायचास. त्याआधी तुझा हात मी धरत असे.

तुला तीन महिने झाले तेव्हा बैठकीला वर्ष पुरं झालं. त्या दिवशी सकाळीच पूजा होती. आपल्यातला एक जण माडावर चढणारा होता. आयुष्यभर त्याने ताडीच काढली, आता स्वतः पीत नव्हता. सगळ्यांना गोड नीरा पाजायची म्हणून तो पहाटेच माडावर चढला आणि मोठा मटका भरून ओसरीवर आणून ठेवला. नीरा गोड राहायची तर मटक्याला आतून चुना फासावा लागतो. पण ताडीच्या मटक्याला चुना लावायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. तो विसरला. पूजा लांबली, ऊन चढलं. तीर्थप्रसाद होऊन न्हावीमामा फडकं काढायला वाकले, तेवढ्यात तू म्हणालास, “मामा, थांबा. ती गोड न्हाय राहिली.”

चौदा नाकं एकदम वर झाली. फडकं काढलं तर फेस गळ्याशी आलेला. “ओता माडाच्या बुडात,” मामा म्हणाले. माडावर चढणारा मात्र भिंतीकडे तोंड करून बसला. “मी दुस्मन हाय तुमचा,” एवढंच म्हणत होता. तेव्हा तू उठलास. “ओतायची कशाला? रेवदंड्याचा पाववाला पीठ फुगवायला ताडीच घालतो. मी नेतो त्याला.”

“तू?” मामांनी विचारलं. सगळ्यांत नवा तूच होतास.

“मीच. पोर हाय बरूबर.”

कोसभर वाट. मी म्हटलं, “बाबा, दे, मी धरते.” तू म्हणालास, “न्हाय, ह्यो माजाच हाय. तू पुढं चाल, मागं बघू नको.”

मी पुढे चालले. पावलं ऐकत. मग पावलं थांबली.

पाववाल्याने मटका भरलेलाच उतरवून घेतला, तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला खडीसाखर दिली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तू टोपलीभर पाव घेऊन ओसरीवर आलास, आणि पहिला पाव माडावर चढणाऱ्याच्या हातात ठेवलास. तो रडत रडत खात होता. तुटक्या कानाचा पोट धरून ओरडला, “अख्खा मटका पोटात गेला, आनि येकाचा पन तोल न्हाय गेला!” देवळाची घंटा ऐकू येईना इतके हसलात सगळे. आईसाठी दोन पाव तू पदराखाली बाळ न्यावं तसे नेलेस. तिने एक खाल्ला, दुसरा फडताळात ठेवला, आणि त्यानंतर बैठकीला तीच येऊ लागली. पुढे तू दोनदा घसरलास. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी ओसरीवर जाऊन बसलास. मला त्या पाव खाल्लेल्या संध्याकाळचं हसणंच जास्त आठवतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. मी मागे बघितलं होतं. केवड्याच्या आड उभी राहून. तू मटका बांधावर ठेवून समोर उकिडवा बसला होतास आणि जुन्या ओळखीच्या बाईशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत होतास, “लय फेसाळलीस गं. जा आता, पाव हो.” मग नाकाला फडकं बांधलंस, मटका उचललास, आणि मी धावत पुढे जाऊन पाठमोरी उभी राहिले.

मटका उचलण्याआधी तू हात दोनदा मागे घेतलेस, तेही बघितलं. म्हणून पुन्हा विचारते, बाबा, पुढच्या वळणापर्यंत तरी दे ना माझ्याकडे. तू देणार नाहीस, मला ठाऊक आहे.